चाके दोन, घंटी उत्तम

शुक्रवारी सकाळी सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी रेवती लघाटे सीपरी बाजारातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या दारात ई-रिक्षातून उतरली. ड्युटी साडेसहाची होती. अंगठा लावायच्या यंत्राने अठरा मिनिटांचा उशीर नोंदवला. हा दुसरा. तिसऱ्या उशिराला नोकरी संपते, असं तिच्या नेमणुकीच्या कागदावर चौथ्या कलमात लिहिलेलं आहे.

उशिराचं कारण गूढ नाही. रेवती दतिया गेटजवळ काकांकडे राहते. तिथून लॅब साडेपाच किलोमीटर. ई-रिक्षा सहा सवाऱ्या झाल्याशिवाय हलत नाही, आणि त्या वेळी सहावी सवारी घरी दात घासत असते. नोकरी गेली तर रेवतीला मऊरानीपुरला वडिलांकडे परत जायचं आहे. तसं ठरलेलंच आहे. तीन महिन्यांत नोकरी पक्की झाली तर झाशीत राहायचं, नाही तर घरी येऊन, वडील ज्या स्थळाला आषाढापासून थोपवून बसले आहेत त्याला हो म्हणायचं. तीन महिने पुरे व्हायला अकरा दिवस उरले होते.

उपायही गूढ नाही. एक स्वस्त, चालणारी सायकल.

इथवर ही बातमी दोन परिच्छेदांत संपत होती. मग ती माझ्या जिजाजींच्या हाती गेली.

गजानन लघाटे हे रेवतीचे काका आणि माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकतीस वर्षं ते सरकारी नोकरीत, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर होते. त्या काळात त्यांनी अकरा छत्र्या मालकांपर्यंत पोहोचवल्या. त्यांतल्या चार योग्य मालकांपर्यंत. निवृत्तीनंतर त्यांनी कार्डं छापून घेतली. ‘गजानन लघाटे, रहस्यभेदक. झाशी, दतिया व आसपास. भेटीची वेळ: तुम्ही याल हे मला आधीच कळलेलं असेल.’ पाचशे कार्डं छापली होती, त्यांतली चारशे एकाहत्तर अजून घरात आहेत.

“सलील,” ते मला म्हणाले, “झाशीत गुन्हे इतके कमी का, ठाऊक आहे?”

“कमी नाहीत. मी रोज छापतो.” मी बावीस वर्षं इथल्या एका हिंदी दैनिकात शहराचं पान सांभाळतो.

“जे तुझ्या पानावर येत नाहीत, ते कमी आहेत. माझ्यामुळे. माझ्याकडे तीन गोष्टी आहेत. निरीक्षण, स्मरण आणि…” ते थांबले.

“तिसरी?”

“ती मी मुद्दाम सांगत नाही.”

त्यांच्याकडे एक स्कूटरही आहे. ती सकाळी सहाला सुरू होत नाही. जिजाजीही होत नाहीत.

शनिवारी रेवती पहाटे सव्वापाचला निघून चालत लॅबला गेली आणि वेळेत पोहोचली. दुपारी सुटल्यावर तिने एका दुकानात साधी काळी सायकल पाहून ठेवली. तिच्याकडे दोन हजार होते, सायकल चोपन्नशेची. दुकानदार भला माणूस. उरलेले पैसे पगार झाल्यावर दिले तरी चालतील, असं तो स्वतःहून म्हणाला. रेवतीने चूक केली ती एवढीच की घरी येऊन हे सांगितलं. संध्याकाळी जिजाजी ‘वस्तूची पूर्वपीठिका तपासायला’ दुकानात आले. दुकान दाखवायला रेवती आणि नोंदी ठेवायला मी सोबत होतो.

“ये साइकिल इससे पहले कहाँ थी?” जिजाजींनी दुकानदाराला विचारलं.

“डिब्बे में।”

“और डिब्बे से पहले?”

“कारखाने में।”

“कारखाने में इसे किस-किसने छुआ?”

दुकानदाराने हातातला पाना खाली ठेवला. “बाबूजी, आपको साइकिल लेनी है कि बयान?”

“फ़िलहाल बयान।”

पाच मिनिटांनी आम्ही तिघं फुटपाथवर होतो. पगारापर्यंत थांबायची गोष्ट दुकानदाराने मागे घेतली होती.

“पाहिलंस?” जिजाजी म्हणाले. “निर्दोष माणूस इतका चिडत नाही.”

“काका,” रेवती म्हणाली, “मला सायकल पाहिजे, बस. तिची हिस्ट्री नको.” रेवती जन्मापासून मऊरानीपुरला वाढली. तिला मराठी सगळं समजतं. बोलताना मात्र शब्द अर्ध्या वाटेत हिंदीत उतरतात.

रविवारी लॅबला सुट्टी. संध्याकाळी आमच्या मराठी मंडळात नवरात्राचा भोंडला होता. झाशीत मराठी घरं मोजकीच. एक आमच्यासारखी, जी इथे इतक्या पिढ्यांपासून आहेत की गावाकडे कोण उरलंय हे कुणालाच आठवत नाही. दुसरी सरकारी कारखान्याच्या वसाहतीतली, जी महाराष्ट्रातून बदलीवर येतात आणि मुलांची दहावी झाली की बदलीवर जातात. दोन्ही प्रकारचे लोक मंडळात भेटतात आणि एकमेकांच्या मराठीला आतून हसतात.

मंडळाच्या दारात सूचनाफलक आहे. लाकडी चौकट, वर काच, खाली कुलूप. त्यावर कुणी काही वाचत नाही, कारण ‘सतरंजी झटकून परत करावी’ हे सगळ्यांना पाठ आहे. रेवतीने वाचलं.

“सलीलमामा, हे बघा.”

काचेमागे, सुबक अक्षरात, एक कागद होता:

‘सायकल विकणे आहे. लेडीज. रंग हिरवा. चाके दोन. घंटी उत्तम. रोज कामावर जाण्यास योग्य. रु. १८००. पराग देवस्थळी, कारखाना वसाहत, क्वार्टर ४१. आश्विन शुद्ध पंचमी, गुरुवार.’ खाली मोबाइलचा नंबर.

तारखेबद्दल खुलासा करतो. मंडळाचे चिटणीस रामकृष्णअण्णा हर्डीकर यांचा नियम आहे की मंडळाच्या फलकावर इंग्रजी तारीख लागणार नाही. फक्त तिथी आणि वार. वर्षही नाही. “वर्ष कशाला?” ते म्हणतात. “ते पंचांगाच्या मुखपृष्ठावर असतं.” त्यामुळे आमच्या फलकावरची प्रत्येक सूचना दर वर्षी एकदा ताजी होते.

रेवतीने नंबर लावला. तो सेवेत नव्हता. पुन्हा लावला. तरीही नव्हता. मी फोनने कागदाचा फोटो काढला.

जिजाजी भोंडल्याची खिरापत ओळखण्यात हरून नुकतेच बाहेर आले होते. त्यांनी सूचना वाचली, नंबरची हकीकत ऐकली आणि त्यांचे डोळे लकाकले.

“पंचमी कधी झाली?”

“परवा,” मी म्हणालो.

“म्हणजे परवा एक माणूस सायकल विकायची जाहिरात लावतो आणि आज त्याचा फोन बंद. सायकल विकणारा माणूस फोन बंद ठेवेल?”

“नाही.”

“मग फोन त्याने बंद केलेला नाही. कुणीतरी केलाय.” त्यांनी काचेवर बोट टेकवलं. “आणि हे बघ. ‘चाके दोन.’ सायकलला चाकं दोनच असतात. हे लिहायची गरज कुणाला पडते?”

“अण्णांना. त्यांनी सतरंजीच्या सूचनेत ‘बाजू दोन’ लिहिलंय.”

“संकेत आहे, सलील. मदतीची हाक आहे.”

इथे एक कबुली नोंदवून ठेवतो. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्यांतले वार आणि तारखा तपासत आलो आहे. तो कागद मी दोनदा वाचला. सगळा.

रात्रीच्या जेवणाआधी जिजाजींनी घरात आदेश काढला. प्रकरण गोपनीय. बेपत्ता व्यक्तीचं नाव उच्चारायचं नाही, ‘इसम प’ एवढंच म्हणायचं. विशेषतः स्वयंपाकघरात नाही, कारण तिथून बातमी तीन घरांत जाते. माझी बहीण अनुसूया तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिने भाजी वाढली आणि काही विचारलं नाही.

सोमवारी रेवती पुन्हा चालत गेली. सहा एकोणतीसला अंगठा लागला. दुपारी अडीचला ती परतली तेव्हा डावी टाच घासून लाल झाली होती. तिने त्यावर पट्टी लावली आणि आम्ही तिघं स्कूटर आणि माझी मोटरसायकल घेऊन वसाहतीत गेलो.

क्वार्टर एकेचाळीसच्या दारात पाच फुटी तुळस, दोन मुलांची चार चप्पलजोड आणि बनियनवर उभे असलेले पियूष सक्सेना नावाचे इंजिनिअर होते.

“देवस्थली?” ते म्हणाले. “इस नाम का तो यहाँ कोई नहीं है भाईसाहब।”

“आप यहाँ कब से हैं?” जिजाजींनी विचारलं.

“अरे, ज़माना हो गया। छोटा वाला यहीं पैदा हुआ।”

छोटा वाला आतून आला. दुधाचे दात पडून नवे येत होते. त्याने आमच्याकडे बघून जीभ काढली.

जिजाजी मला बाजूला घेऊन गेले. “खोटं बोलतोय.”

“मुलगा सहा वर्षांचा आहे, जिजाजी.”

“भाड्याचा असेल. दार पाहिलंस? तिथे दुसरी पाटी होती. ती काढलीय. चार भोकं स्पष्ट दिसतात.”

“एका भोकात स्क्रू तुटून राहिलाय. तो पार गंजलाय. दोन दिवसांत इतका गंज चढत नाही.”

“म्हणूनच म्हणतो, हे लोक कच्चे नाहीत. गंजलेला स्क्रू सोबत आणलाय.”

“आणि तुळस?”

त्यांनी तुळशीकडे बराच वेळ पाहिलं. “तुळशीपाशी मी अजून आलेलो नाही.”

रेवती तोपर्यंत सक्सेनांच्या पत्नीने दिलेलं पाणी पीत, पायरीवर बूट काढून बसली होती. “आंटी, आपके यहाँ कोई पुरानी साइकिल तो नहीं?” तिने विचारलं. दोन दिवसांत या तपासात कुणी विचारलेला हा पहिला उपयोगी प्रश्न. सायकल नव्हती.

परतताना जिजाजींनी दोन सिद्धान्त बदलले. दतिया गेट येईपर्यंत अपहरण मागे पडलं होतं आणि हेरगिरी पुढे आली होती. बबीनाला लष्कराची छावणी आहे. छावणीभोवती कुणी मोटारीने फिरलं तर संशय येतो. हिरव्या लेडीज सायकलवर फिरलं तर येत नाही. झाडांत हिरवा रंग मिसळतो.

“आणि ‘रोज कामावर जाण्यास योग्य’,” ते सिग्नलला स्कूटर थांबवून माझ्याकडे वाकून म्हणाले. “कोणत्या कामावर, हे त्याने लिहिलं नाही.”

“जिजाजी, बबीना इथून पंचवीस किलोमीटर आहे. हेर रोज सायकलने जाणार?”

“म्हणून तर घंटी उत्तम.”

सिग्नल सुटला.

मंगळवारी सकाळी रेवती पाच वाजताच निघाली, कारण आता ती लंगडत होती. अंगठा लागला तेव्हा यंत्रावर सहा तीस होते. सहा एकतीस झालं असतं तर ही हकीकत इथेच संपली असती.

त्याच सकाळी जिजाजींनी रामकृष्णअण्णांची साक्ष घ्यायचं ठरवलं. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मंडळाच्या इमारतीला लागूनच त्यांचं घर. अडचण एकच होती. नवरात्राचे नऊ दिवस अण्णा मौन पाळतात. लिहूनही सांगत नाहीत, कारण मौनात लिहिणं ही चोरी आहे असं त्यांचं मत. मान हलवतात, आणि अगदीच नाइलाज झाला तर हात.

“उत्तम,” जिजाजी म्हणाले. “बोलत नाही तो खोटं बोलत नाही.”

अण्णा ओसरीवर जपमाळ घेऊन बसले होते. जिजाजींनी समोर स्टूल ओढलं.

“ती सायकलची सूचना तुम्ही लावली?”

अण्णांनी मान हलवली. हो.

“देवस्थळी स्वतः तुमच्याकडे आले होते?”

हो.

“पंचमीला?”

हो.

“सायकल तुम्ही प्रत्यक्ष पाहिली?”

अण्णांनी इतक्या जोरात मान हलवली की चष्मा नाकावर आला.

“आता देवस्थळी कुठे आहेत?”

अण्णांनी उजवा हात उचलून पश्चिमेकडे केला. मग तो आणखी पुढे नेला. मग उठून, टाचा उंचावून आणखी पुढे, जणू सीपरी बाजार, शिवपुरी आणि त्यापलीकडचंही बरंच काही ओलांडायचं होतं.

“पश्चिमेला. लांब,” जिजाजी मला म्हणाले. “लिही.” बबीना दक्षिणेला आहे. मी तेही लिहिलं.

“आणि सायकल कुठे आहे?”

अण्णांनी पाठीमागच्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक केली. मग दाराजवळच्या खुंटीकडे बोट केलं. खुंटीला किल्ल्यांचा जुडगा होता. मग पुन्हा भिंतीवर टकटक.

जिजाजींचा चेहरा बदलला. ते माझ्या कानाशी आले. “पलीकडून कुणीतरी ऐकतंय. तो आपल्याला सावध करतोय. दार बंद करून घ्या म्हणतोय. उठ, उठ.”

“जिजाजी, भिंतीपलीकडे मंडळाची…”

“उठ म्हणतो ना.”

आम्ही उठलो. मागे वळून पाहिलं तेव्हा अण्णांनी तळहात कपाळावर मारून घेतला. जिजाजींनी त्याला नमस्कार समजून उलट नमस्कार केला.

मी त्याच वेळी परत जायला हवं होतं. गेलो नाही. बाराला पालिकेची बैठक होती आणि पानावर तीन कॉलम रिकामे होते. हे कारण आहे. समर्थन नाही.

दुपारी चारला मी बहिणीकडे पोहोचलो तेव्हा ती जमिनीवर बसून झेंडूच्या माळा ओवत होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची, अवजारांची, वाहनांची पूजा. रेवती खाटेवर होती. तिची टाच फुटली होती. पट्टीतून पाणी आलं होतं आणि बूट खाटेखाली उलटा पडला होता. जिजाजी टेबलावर बबीनाचा नकाशा पसरून लाल पेन्सिलीने तिथे नसलेले रस्ते काढत होते.

“उद्या पहाटे निघू,” ते म्हणाले. “रेवती, तू पण चल. सायकल ओळखायला.”

“काका, आपण जा,” रेवती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “उद्या मी चालू नाही शकत. रिक्षाने गेले तर लेट होणार. मी बाबांना फोन करून टाकते. दसऱ्यानंतर बसने जाते मऊरानीपुर.”

पेन्सिल थांबली. जिजाजींनी नकाशाकडे पाहिलं, मग उलट्या बुटाकडे. त्यांना गप्प झालेलं मी पंधरा वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

ताईने सुई खाली ठेवली.

“काय चाललंय गं तुमचं रविवारपासून? कोण हा इसम प?”

मी खिशातून फोन काढून तिला सूचनेचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, फोन हाताभर लांब धरला आणि वाचलं. तिला सात सेकंद लागले.

“पंचमी, गुरुवार? पंचमी शुक्रवारी होती.”

“काय?”

“यंदाची ललितापंचमी शुक्रवारी झाली. माझा उपास होता. साबुदाण्याची खिचडी केली होती आणि ह्यांनी दोनदा घेतली. गुरुवारची पंचमी म्हणजे हा कागद यंदाचा नाहीच.” तिने चष्मा काढला. “आणि यंदाचा असेल कसा? त्या फलकाच्या कुलपाची किल्ली हरवून पाच वर्षं झाली. विसर्जनाचंसुद्धा आता व्हॉट्सॲपवर येतं.”

“मग देवस्थळी?” जिजाजींनी विचारलं. गोपनीयतेचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

“त्यांची नाशिकला बदली होऊन सहा वर्षं झाली. मृदुलावहिनी जाताना मला कढीपत्त्याची कुंडी देऊन गेल्या. दिवाळीला फोन असतो त्यांचा.”

“हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“मला कुणी विचारलं?” ताई म्हणाली. “मला फक्त स्वयंपाकघरात बोलू नका असं सांगण्यात आलं होतं.”

मृदुला देवस्थळी यांच्याशी फोनवर झालेलं बोलणं एक मिनिट चाळीस सेकंदांचं आहे. त्यांतलं एक मिनिट कढीपत्त्यावर गेलं. उरलेल्यात त्या म्हणाल्या, “सायकल होय? ती विकली कुठे गेली. बदलीची घाई होती, म्हणून ह्यांनी मंडळाच्या कोठीत अण्णांपाशी ठेवली. गिऱ्हाईक आलं की कळवतो म्हणाले अण्णा. मग ह्यांचा नंबर बदलला. अगं, अजून आहे का ती? ने म्हणावं पोरीला. सहा वर्षांचं भाडं उलट मीच द्यायला हवं मंडळाला.”

मंडळाची कोठी अण्णांच्या मागच्या भिंतीला लागून आहे. हे सकाळी अण्णांनी दोनदा सांगितलं होतं.

“पश्चिम,” जिजाजी सावकाश म्हणाले. रंग परत येऊ लागला होता. “नाशिक. सकाळीच लिहून घ्यायला सांगितलं होतं ना तुला?”

“सांगितलं होतं.”

“मग झालं तर.”

साडेपाचला ताई स्वतः अण्णांकडे गेली, आम्ही तिघं मागोमाग. “अण्णा, कोठीची किल्ली द्या,” एवढंच म्हणाली. अण्णांनी खुंटीवरचा जुडगा काढून तिच्या हातात ठेवला आणि जिजाजींकडे असं पाहिलं की नऊ दिवसांचं मौन तिथेच मोडेल असं मला वाटलं. मोडलं नाही. मोठा निग्रही माणूस.

कोठीत गणपतीची मखरं, फुटका ध्वनिक्षेपक, सतरंज्यांचा ढीग आणि त्यामागे, भिंतीला टेकून, सायकल. तिच्या दांडीवर सहा वर्षांच्या रोषणाईच्या माळा गुंडाळलेल्या होत्या. दर गणपतीत कार्यकर्ते तिथून माळा काढत आणि तिथेच गुंडाळून ठेवत. ही सायकल आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. ते मंडळाचं माळा ठेवायचं सामान होतं. रेवतीने ओढणीच्या टोकाने दांडी पुसली. खाली हिरवा रंग निघाला. तिने घंटी वाजवली. अण्णांनी लिहिलं होतं त्यात तसूभरही अतिशयोक्ती नव्हती.

चाकं मात्र दोन्ही बसलेली.

दतिया गेटच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री दुकान आवरत होता. त्याने सायकल उलटी केली, चाक फिरवलं, साखळीला तेल सोडलं आणि मग टायर दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिले. दीड तास काम चाललं. जिजाजी शेजारी उभे राहून प्रत्येक पुर्जा कुठून आला ते विचारत होते. मिस्त्री उत्तर देत नव्हता. माझ्या मते त्या दिवसातली ती सर्वांत परिपक्व साक्ष.

शेवटी तो रेवतीला म्हणाला, “बिन्नू, ट्यूबें दोई नई डार दईं। अगलो टायर बदल दओ। पिछलो जा नाप को अबै नइयाँ, कल दुपरै आहै।”

“तो पिछला चलेगा?”

त्या मापाचा नवा मागचा टायर दुसऱ्या दिवशी दुपारीच येणार होता. त्याने जुन्या टायरवरच्या भेगांवरून बोट फिरवलं. “चल गओ तौ चल गओ। गड्ढा बचाइयो। और पुल की चढ़ाई पै उतर जइयो।”

“उतरूँगी तो लेट हो जाऊँगी भैया।”

मिस्त्रीने खांदे उडवले.

बुधवारी सकाळी पावणेसहाला मी त्यांच्या दारात होतो. लॅबपर्यंत मागोमाग मोटरसायकलने येतो, असं मी आदल्या दिवशी म्हणालो होतो. रेवतीने ऐकून घेतलं आणि नको म्हणाली. उरलेले सगळे दिवस रोज कोण येणार, असं तिने विचारलं. बरोबर होतं. बूट पायात जात नव्हता, म्हणून तिने चप्पल घातली होती. ताईने खंडेनवमीची पूजा पहाटेच उरकून घेतली. हँडलला हळदकुंकू, पुढे झेंडूची माळ.

“माळ चाकात जाईल,” रेवती म्हणाली. ताईने ती सोडून पुन्हा आखूड बांधली.

जिजाजी उठलेले होते. हे मी दोनदा तपासून लिहितो आहे. स्वेटर उलटा घातलेला, हातात सायकलचा पंप. तो त्यांनी मंगळवारी रात्री शेजाऱ्यांकडून मागून आणला होता, आणि आणताना का हवाय हे शेजाऱ्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी मागचं चाक दाबून पाहिलं. मग पंप सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधला. चार गाठी मारल्या.

“लागला तर,” ते म्हणाले. “नाही लागला तर परत आण. पुरावा आहे तो.”

“कशाचा, काका?”

“ते मी मुद्दाम सांगत नाही.”

रेवती पाच छप्पन्नला निघाली. गल्लीच्या वळणावर घंटी वाजली. पाणी भरायला थांबलेल्या दोन बायका बाजूला सरकल्या आणि ती दिसेनाशी झाली. सायकलने पंचवीस मिनिटांचा रस्ता. पुलावर उतरावं लागलं तर तीस. मागचा टायर गेला तर किती, हे कुणी काढलं नाही.

सहा तीसला जिजाजींनी घड्याळ पाहिलं. सहा चौतीसला ताईने रेवतीला फोन लावला. वाजत राहिला. सहा सदतीसला जिजाजींनी लावला. वाजत राहिला. सहा एक्केचाळीसला मी लावला.

रेवती सायकल चालवताना फोन उचलत नाही, असं ताई म्हणते. लॅबच्या आत गेल्यावरही उचलत नाही.

हे लिहीपर्यंत सहा पन्नास झाले आहेत. लॅबमध्ये फोन साडेआठनंतर घेतात. जिजाजी गल्लीच्या तोंडाशी उभे आहेत आणि पश्चिमेकडे, लॅबच्या दिशेला बघत आहेत.